गट म्हणजे कोण?

ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेनेचे धनुष्यबाण हे चिन्ह गोठवले आणि मराठी वृत्तपत्रांपुढे रोजचा एक पेच उभा राहिला. बातमीत कोणाला काय म्हणायचे? एकनाथ शिंदे यांच्या बंडाच्या सुरत-गुवाहाटीच्या दिवसांपासून, म्हणजे जूनपासूनच ‘शिंदे गट’ रुळला होता. त्याच्या तोलाला ‘ठाकरे गट’ आला. आयोगाने पोटनिवडणुकीपुरती दोन नावे दिली, ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’ आणि ‘बाळासाहेबांची शिवसेना’. पण एवढी लांब नावे मथळ्यात बसत नाहीत, म्हणून दोन्हीकडे गटच चालू राहिला. १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण आयोगाने एकनाथ शिंदे यांच्याकडे दिले. कागदावरचा गट त्या दिवशी पक्ष झाला, तरी लोकांच्या बोलण्यात आणि पुष्कळ बातम्यांत तो गटच राहिला. शिंदे यांच्या बाजूच्या नेत्यांनी हरकत घेतली की आम्हाला गट म्हणू नका, आम्ही शिवसेना आहोत. मग काही दैनिकांनी ‘शिंदेसेना’ आणि ‘उद्धवसेना’ असे जोडशब्द घडवले. विरोधकांनी उद्धव ठाकरे यांच्या पक्षाच्या नावाची आद्याक्षरे घेऊन ‘उबाठा’ केले. ते उच्चारताना शिवसेना हा शब्द तोंडात येत नाही, आणि तोच त्याचा हेतू आहे.

२ जुलै २०२३ ला अजित पवार वेगळे झाले, त्यानंतर राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये हेच सगळे पुन्हा घडले. ६ फेब्रुवारी २०२४ ला आयोगाने पक्ष आणि घड्याळ अजित पवार यांना दिले. ज्यांनी १९९९ मध्ये पक्ष काढला त्यांच्या वाट्याला ‘राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष – शरदचंद्र पवार’ हे नाव आले, आणि वर्तमानपत्रांतल्या कोष्टकांत त्याचे ‘शप’ झाले.

या दोन वर्षांत एक गोष्ट लख्ख दिसली. गट हा शब्द माणसे स्वतःला क्वचितच लावतात, तो दुसऱ्याला लावायचा असतो. जो दुसऱ्याला गट म्हणतो तो स्वतःला पूर्ण समजतो आणि समोरच्याला तुकडा ठरवतो. शब्द लहानसा आहे, पण त्यात न्यायनिवाडा दडलेला आहे. म्हणूनच तो कोण कोणाला कधी लावतो हे नीट पाहायला हवे असे मला वाटते. महाराष्ट्रात गेल्या सव्वाशे वर्षांत फुटीची भाषा कशी बदलत गेली आणि तिच्यातून काय गळून गेले, हे पाहिले तर आजच्या राजकारणाचे पुष्कळ काही कळते.

आधी कायदा पाहू, कारण आजचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे गटाशी संबंधित दोन तरतुदी आहेत आणि त्या एकमेकींकडे पाहत नाहीत. निवडणूक चिन्हे आदेश १९६८ चा. त्याच्या पंधराव्या परिच्छेदात मान्यताप्राप्त पक्षात प्रतिस्पर्धी विभाग किंवा गट निर्माण झाले आणि प्रत्येकाने आपणच पक्ष असल्याचा दावा केला, तर काय करायचे ते सांगितले आहे. इथे गट हा कायद्याला माहीत असलेला प्राणी आहे. त्याचे म्हणणे ऐकायचे, त्याची माणसे मोजायची आणि निकाल द्यायचा. १९६९ च्या काँग्रेसफुटीवरून उभ्या राहिलेल्या सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये आयोगाच्या या अधिकारावर शिक्कामोर्तब केले आणि बहुमताची कसोटी तेव्हापासून पक्की झाली.

दुसरी तरतूद संविधानाच्या दहाव्या अनुसूचीची, म्हणजे आपल्या बोलीतल्या पक्षांतरबंदी कायद्याची. १९८५ मध्ये ती आली तेव्हा तिच्यातही गटाला जागा होती. विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती ‘फूट’ मानली जाई आणि त्यांची सदस्यता वाचे. डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले, तेव्हा पत्रावर १८ आमदारांच्या सह्या का लागल्या याचे उत्तर या अपूर्णांकात आहे, कारण सेनेचे आमदार होते ५२. पुढे २००३ च्या एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशाची ही वाट बंद केली. उरले ते विलीनीकरण, आणि त्यालाही दोन तृतीयांशांची अट. पक्षातून फुटून निघालेल्या गटाला दहाव्या अनुसूचीत आता संरक्षण नाही. एक तर तुम्ही मूळ पक्ष आहात, नाही तर दुसऱ्या पक्षात विलीन झालेले आहात, नाही तर अपात्र आहात.

याचा परिणाम गोव्यात फार उघडपणे दिसला. मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीन आमदारांपैकी दोघे भाजपमध्ये विलीन झाले. तीनपैकी दोन, म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० जणांनी तेच केले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जणांनी. यांतल्या कोणाचाही गट म्हणून एक दिवसही संसार झाला नाही. कायद्याने छोटा गट नाहीसा केला तो असा. भेद मांडत वेगळे राहण्याची सोय गेली आणि थेट दुसऱ्या घरात जाण्याचीच सोय तेवढी राहिली.

महाराष्ट्रात मात्र शिंदे आणि अजित पवार या दोघांनीही विलीनीकरण टाळले आणि आपणच मूळ पक्ष असल्याचा दावा केला. दहाव्या अनुसूचीत न बसणारा गट चिन्हे आदेशात बसत होता. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राजकीय पक्ष आणि विधिमंडळ पक्ष वेगळे आहेत, प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, असे स्पष्ट सांगितले. तरीही कोणता गट खरा हे ठरवणे विधानसभा अध्यक्षांकडे गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्षांनी शिंदे यांच्या बाजूने निर्णय दिला. दोन्ही पक्षांच्या बाबतीत निकाल शेवटी निवडून आलेल्यांच्या डोकेमोजणीवर आला. फूट कशावरून पडली, हिंदुत्वावरून, महाविकास आघाडीवरून, निधीवाटपावरून की आणखी कशावरून, हा प्रश्न निकालाच्या दृष्टीने दुय्यम ठरला. मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. गट ओळखण्याची पद्धत मोजणीची झाली आणि मतभेदाला तिच्यात जागाच उरली नाही.

असे नेहमी नव्हते. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा मराठीने दोन्ही बाजूंना वृत्तीवरून नावे दिली, जहाल आणि मवाळ. ‘टिळक गट’ आणि ‘गोखले गट’ म्हणणे सोपे होते. दोन्ही माणसे पुण्यातली होती आणि त्यांचे वैर घरोघर माहीत होते. तरी रूढ झाले ते जहाल-मवाळ. शाळकरी मुलालाही त्या दोन शब्दांवरून भांडण कशाचे होते त्याचा अंदाज येतो. १९२२ च्या गया काँग्रेसनंतर कायदेमंडळात जायचे की बहिष्कार चालू ठेवायचा यावर तट पडले, तेव्हा फेरवादी आणि नाफेरवादी असे शब्द आले. महाराष्ट्रात केळकर, जयकर, मुंजे स्वराज्य पक्षातून वेगळे झाले तेव्हा त्यांनी स्वतःला प्रतियोगी सहकार पक्ष म्हटले. नाव बोजड खरे, पण त्यात एक पूर्ण राजकीय भूमिका आहे: सरकार जेवढे सहकार्य करील तेवढे आपण करू.

स्वातंत्र्यानंतरची पहिली मोठी फूटही याच रीतीची. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी आधी काँग्रेसच्या पोटातच ‘शेतकरी कामगार संघ’ म्हणून एकत्र आली आणि १९४८ मध्ये बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष झाली. १९५० मध्ये त्यांनी दाभाडीला आपली वैचारिक मांडणी केली, ती दाभाडी प्रबंध म्हणून ओळखली जाते. मार्क्सवाद किती घ्यायचा, कम्युनिस्टांशी नाते काय ठेवायचे यावर लगेच नवे मतभेद झाले आणि शेकापही फुटला. पण त्या फुटींचा इतिहास वाचताना प्रत्येक वळणावर एक प्रश्न हाताला लागतो, नुसते आडनाव लागत नाही.

याच धामधुमीत महाराष्ट्रात एक संघटना अशी झाली की जिने गट हा शब्द आपणहून घेतला आणि वर्षानुवर्षे मानाने वागवला. तो म्हणजे लाल निशाण गट. १९४२ च्या चळवळीबाबत कम्युनिस्ट पक्षाच्या भूमिकेशी न पटलेले कार्यकर्ते आधी नवजीवन संघटनेत होते. पुढे ते शेकापमध्ये गेले, तिथून बाहेर पडून कामगार किसान पक्षात आले आणि शेवटी लाल निशाण या नावाखाली राहिले. एस. के. लिमये, यशवंत चव्हाण, दत्ता देशमुख, संतराम पाटील या माणसांनी गिरणी कामगार, साखर कामगार आणि शेतमजूर यांच्यात आयुष्ये घातली. गट म्हणवून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, कारण पक्ष म्हणजे फार मोठी जबाबदारी आणि आपण अजून तिथे पोचलेलो नाही, अशी त्या शब्दामागे एक प्रामाणिक समजूत होती. पुढे त्यांनी पक्ष हे नाव घेतले. गट या शब्दाला महाराष्ट्रात एवढी सभ्य वागणूक त्यानंतर कुठे मिळाल्याचे मला दिसत नाही.

याच शब्दाने सर्वांत जास्त घायाळ केले ते रिपब्लिकन पक्षाला, आणि इथे थोडे थांबायला हवे. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात पक्षाची स्थापना झाली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला वर्षही झाले नव्हते. पहिले अध्यक्ष एन. शिवराज मद्रासचे होते आणि पक्ष साऱ्या देशाचा व्हावा हा संकल्प होता. वर्षा-दोन वर्षांत दोन बाजू पडल्या, दादासाहेब गायकवाड आणि बी. सी. कांबळे यांच्या. त्यांना नावे पडली ‘नादुरुस्त’ आणि ‘दुरुस्त’. या शब्दांच्या मागे एक खरा वाद होता. गायकवाड भूमिहीनांच्या जमिनीच्या प्रश्नावर सत्याग्रह उभारत होते, डाव्यांबरोबर उभे राहायची त्यांची तयारी होती. कांबळे यांचा भर घटनात्मक मार्गावर होता आणि रस्त्यावरच्या लढ्यात त्यांना कम्युनिस्टांची छाया दिसत होती. शिकलेले शहरी तरुण आणि खेड्यातले जुने कार्यकर्ते असाही एक पदर त्यात होता. १९५९ चा आणि १९६४ अखेरीस सुरू झालेला, असे दोन्ही भूमिहीनांचे सत्याग्रह या काळातले. दुसऱ्या सत्याग्रहात देशभर लाखो लोक तुरुंगात गेले. एवढे मोठे आंदोलन करणाऱ्या पक्षाला फक्त त्याच्या फुटींवरून ओळखणे हा अन्याय आहे आणि तो आपण साठ वर्षे करीत आलो आहोत.

गायकवाडांनी १९६७ च्या सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. डिसेंबर १९७१ मध्ये गायकवाड गेले. त्यानंतर मात्र नावे बदलली. दुरुस्त-नादुरुस्त मागे पडले आणि गवई गट, खोब्रागडे गट, कांबळे गट आले. निवडणूक आयोगाच्या याद्यांतसुद्धा पक्षाच्या नावापुढे कंसात आडनाव छापले जाऊ लागले. भूमिकेच्या जागी आडनाव आले ते तेव्हा. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती या गटबाजीला विटलेल्या तरुणांची. पण १९७४ मध्ये तीही फुटली. मार्क्सवाद की बौद्ध विचार, या वादातून नामदेव ढसाळ आणि राजा ढाले वेगळे झाले, आणि एवढा थोर वाद वाचकांपर्यंत पोचला तो पुन्हा दोन आडनावांच्या गटांमधले भांडण म्हणून.

ऐक्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९८९ मध्ये झाला, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर झाला. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत त्याचे फळ दिसले. काँग्रेसबरोबरच्या युतीत प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सु. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून निवडून आले. चौघेही खुल्या मतदारसंघांतून. आंबेडकरी राजकारणाच्या इतिहासातला हा अभिमानाचा क्षण आहे. ती लोकसभा तेरा महिन्यांत गेली, १९९९ मध्ये काँग्रेसच फुटली आणि दोन काँग्रेसपैकी कोणाबरोबर जायचे यावर रिपब्लिकनही पुन्हा वेगळे झाले.

इथे लोक सहज म्हणून जातात की रिपब्लिकन नेत्यांना एकत्र राहताच येत नाही. हे म्हणणे मला मान्य नाही. आंबेडकरी मतदार महाराष्ट्रभर विखुरलेला आहे. एखाद्या तालुक्यात तो निकाल फिरवू शकतो, पण एकट्याच्या बळावर जागा जिंकू शकत नाही. राखीव जागेवरही निवडून येणाऱ्याला इतरांची मते लागतात, ही अडचण पुणे करारापासून चालत आलेली आहे. अशा पक्षाला मोठ्या पक्षाशी युती करावीच लागते, आणि मोठ्या पक्षाला संपूर्ण रिपब्लिकन पक्षापेक्षा त्यातला एक नेता स्वस्त पडतो. एकाला विधान परिषद, दुसऱ्याला महामंडळ, तिसऱ्याला एखादी लोकसभा. गट पडतात त्यात आतल्यांच्या महत्त्वाकांक्षेचा वाटा आहेच, पण बाहेरून ते पाडले आणि पोसलेही गेले आहेत. मग ज्यांनी पोसले तेच गटबाजीचे उपदेश करतात. उलट, मराठा नेतृत्वाच्या काँग्रेसमध्येही अनेक फुटी झाल्या, तरी तिला कोणी गटांचा पक्ष म्हटले नाही.

त्या फुटींची यादी सांगायला फार जागा नको. १९६९ मध्ये इंडिकेट आणि सिंडिकेट. जानेवारी १९७८ मध्ये इंदिरा काँग्रेस आणि रेड्डी काँग्रेस. त्या वर्षीच्या विधानसभेत रेड्डींच्या काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या, जनता पक्षाला ९९. दोन काँग्रेसनी मिळून वसंतदादा पाटील यांचे सरकार केले आणि जुलैत शरद पवार बाहेर पडले, त्यांची झाली समांतर काँग्रेस. मग अर्स काँग्रेस, मग समाजवादी काँग्रेस, आणि १९८६ मध्ये औरंगाबादेत घरवापसी. पवार परतले तेव्हा ज्यांनी इंदिरा गांधींची साथ सोडली नव्हती ते ‘निष्ठावंत’ झाले. या सगळ्यात एक गोष्ट लक्ष वेधते. इथे प्रत्येक तुकड्याच्या नावात काँग्रेस हा शब्द शाबूत होता. सत्तेच्या जवळ असलेला तुकडा ‘काँग्रेस’ राहतो, सत्तेपासून दूर असलेला ‘गट’ होतो.

गोव्यातला एक जुना दाखला याला थोडा वेगळा आहे. जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याविरुद्ध युनायटेड गोवन्स पक्ष लढला आणि जिंकला. लगेच मार्चमध्ये विधानसभा निवडणूक झाली तेव्हा तो पक्ष फुटलेला होता. एक सिक्वेरा गट, दुसरा फुर्तादो गट. सिक्वेरा गटाचे १२ आमदार निवडून आले आणि तो प्रमुख विरोधी पक्ष झाला. कंसातला गट असूनही तो लोकांच्या लेखी पक्षच ठरला, कारण ज्या प्रश्नावर तो उभा राहिला होता तो लोकांच्या डोळ्यांपुढे ताजा होता.

परदेशातला एक प्रसंग इथे सांगावासा वाटतो. मे १९६८ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर येत होते, तेव्हा फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचे नेते जॉर्ज मार्शे यांनी पक्षाच्या दैनिकात ट्रॉट्स्कीवादी, माओवादी, अराज्यवादी विद्यार्थी संघटनांना ‘ग्रुप्युस्क्युल’ म्हणून हिणवले. गट या शब्दाला लघुत्वाचा प्रत्यय जोडून केलेला हा शब्द. विद्यार्थ्यांनी तोच उचलला आणि मोर्चात आपण सारे असलेच गट असल्याच्या घोषणा दिल्या. पुढच्या महिन्यात सरकारने त्यांतल्या अनेक संघटनांवर बंदी घातली. दुसऱ्याने लावलेले नाव आपणहून स्वीकारायला आपल्या भूमिकेबद्दल खात्री असावी लागते. ती त्या मुलांत होती, लाल निशाणच्या कार्यकर्त्यांतही होती.

आता गावाकडे येऊ, कारण तिथे या शब्दाचा अर्थ उलटा होतो. जिल्हा परिषदेच्या मतदारसंघालाच गट म्हणतात आणि पंचायत समितीच्या मतदारसंघाला गण. जमिनीला गट नंबर असतो, बायकांचा बचत गट असतो, तालुक्याला गटविकास अधिकारी असतो. महापालिकेत निवडून आलेले नगरसेवक विभागीय आयुक्तांकडे जाऊन आपल्या गटाची नोंदणी करतात आणि गटनेता निवडतात. स्थानिक संस्थांसाठीचा १९८६ चा अनर्हता कायदा अशा आघाड्यांना ओळखतो. म्हणजे विधानसभेत ज्याला अस्तित्व नाही ते महापालिकेत रीतसर नोंदले जाते.

पश्चिम महाराष्ट्रात तर गट हाच मूळ धरला जातो आणि पक्ष त्याला येऊन चिकटतो. साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, शिक्षण संस्था यांच्या भोवती विणलेली माणसे म्हणजे गट. विखे गट काँग्रेसमधून सेनेत गेला, परत आला, २०१९ मध्ये भाजपमध्ये गेला. मोहिते-पाटील गट २०१९ मध्ये भाजपकडे वळला आणि २०२४ मध्ये शरद पवारांकडे. कार्यकर्त्याला विचारा, तो पक्षाचे नाव घेण्याआधी गटाचे घेईल. कागलचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. मंडलिक, घाटगे, मुश्रीफ या गटांनी तिथली प्रत्येक निवडणूक घडवली आहे. २००९ मध्ये राष्ट्रवादीने उमेदवारी नाकारल्यावर सदाशिवराव मंडलिक कोल्हापुरातून अपक्ष उभे राहिले आणि लोकसभेत गेले. पक्ष नव्हता, चिन्ह नवे होते, गट होता. २०१९ मध्ये त्यांचे चिरंजीव संजय मंडलिक शिवसेनेचे खासदार झाले आणि २०२२ मध्ये शिंदे यांच्याबरोबर गेले. मुंबईच्या बातम्यांत ते ‘शिंदे गटाचे खासदार’ होते. कागलात ते मंडलिक गटाचेच होते.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर पक्षांची चिन्हे नसतातच. गावात दोन-तीन पॅनेले उभी राहतात, प्रत्येकामागे एक गट असतो आणि एकाच पॅनेलमध्ये तीन-तीन पक्षांची माणसे असतात. निकालाच्या रात्री मुंबईत प्रत्येक पक्ष आपल्या सरपंचांचा आकडा जाहीर करतो आणि या आकड्यांची बेरीज केली तर ती एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरते. निवडून आलेला सरपंच त्या रात्री तीन नेत्यांचे अभिनंदन स्वीकारतो आणि सकाळी आपल्या गटाच्या लोकांबरोबर चावडीवर जातो.